खाऱ्या मळ्यात मिरची-वांग्याचं रोप तगवणारी बुरशी : पाकीट घेण्याआधी एवढं वाचा

दिवाळी सरली, भात झोडून झालं, पेंढ्याची उडवी रचून झाली की खाडीकाठच्या गावांत मळ्याची घाई सुरू होते. कुणी मिरचीचा तरवा लावतं, कुणी वांगी, कुणी आळी करून काकडी-दोडक्याचं बी टाकतं. पहिले पंधरा-वीस दिवस सगळं हिरवंगार दिसतं. मग एखाद्या कोपऱ्यातली रोपं रुसल्यासारखी होतात. पानांच्या कडा करपतात, नवीन पान बारीक येतं, वाफ्याच्या कडेला पांढरट पापुद्रा धरतो. माणूस पाणी वाढवतो. विहीर मचूळ असेल तर रोप आणखीच बसतं.

काजळीच्या मुखाशी भाट्ये खाडी घ्या, वर जयगड, दाभोळ, बाणकोट घ्या, नाहीतर खाली पूर्णगड-जैतापूरकडे जा. जिथे भरतीचं पाणी आत शिरतं त्या प्रत्येक खाडीच्या काठी ही गोष्ट घरोघर माहीत आहे. बाजारात नेऊन विकायची भाजी याच तीन-चार महिन्यांत निघते, आणि त्या पैशावर घरातल्या बाईमाणसाचा वरखर्च चालतो. रोप पहिल्या महिन्यात गेलं की हंगाम गेला.

गेल्या काही वर्षांत कृषी सेवा केंद्रांत 'मायकोरायझा' किंवा 'व्हॅम' नावाची पाकिटं दिसू लागली आहेत. "बुरशी आहे, मुळाला लावा, खाऱ्या जमिनीतही पीक येतं," असं सांगून ती विकली जातात. हे खरं का? सरळ उत्तर द्यायचं तर अर्धं खरं. रोप मीठ सोसायला शिकतं, हे खरं. जमिनीतलं मीठ कमी होतं, हे साफ खोटं. आणि जे अर्धं खरं आहे तेही योग्य वेळी, योग्य भाजीला वापरलं तरच. ती वेळ म्हणजे बी पेरतानाची. रोप मळ्यात नेऊन लावलं, पिवळं पडलं आणि मग पाकीट आणलं, तर पैसे गेलेच समजा.

मीठ रोपाचं काय करतं

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने भांड्यात पाणी सुटतं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं. खाऱ्या मातीत मुळाचं हेच होतं. फोडीसारखं पाणी भळाभळा बाहेर येत नाही, पण मातीत ओल असूनही मुळाला ती आत ओढता येत नाही. म्हणून ओल्या वाफ्यातलं रोप भर दुपारी कोमेजतं आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं.

हा झाला पहिला मार. दुसरा हळू बसतो. मिठातलं सोडियम मुळातून आत शिरतं. रोपाला खरं हवं असतं पोटॅश, म्हणजे पोटॅशियम. दोघं दिसायला-वागायला इतके सारखे की सोडियम पोटॅशियमच्या वाटेने घुसतं आणि त्याची जागा अडवतं. एसटीत रुमाल टाकून दुसऱ्याने सीट धरावी आणि ज्याचं रिझर्व्हेशन आहे तो उभा राहावा, तसा प्रकार. पोटॅशियम नसलं की पानाचं काम बिघडतं. सोडियम साठत जातं तशी जुन्या पानांची टोकं आणि कडा आधी जळतात.

कुठली भाजी किती सोसते याचे तक्ते आहेत. मातीची क्षारता मोजण्याचं माप म्हणजे विद्युत वाहकता, बोलताना सगळे 'ईसी' म्हणतात. या तक्त्यांप्रमाणे कांद्याचं उत्पन्न १.२ च्या वर गेलं की घटू लागतं, मिरचीचं १.५ च्या वर, टोमॅटो आणि काकडीचं २.५ च्या वर. बीट मात्र ४ पर्यंत टिकतं. जमीन 'क्षारयुक्त' म्हणायची हद्दच ४ ची आहे. म्हणजे कागदावर जमीन अजून चांगली म्हणून नोंदलेली असते, तेव्हाच मिरचीला त्रास सुरू झालेला असतो.

इथे एक सावधगिरी. हे आकडे माती पाण्याने पूर्ण भिजवून तिचा अर्क काढून मोजलेल्या ईसीचे आहेत. आपल्याकडे माती परीक्षण करताना बहुतेक वेळा माती दुप्पट किंवा अडीचपट पाण्यात ढवळून ईसी काढतात. पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो. तेव्हा मृदा आरोग्य पत्रिकेवरचा ०.९ बघून "माझी जमीन मिरचीला चालेल" असं ठरवू नका. प्रयोगशाळेत विचारा, हा आकडा कुठल्या पद्धतीचा.

बुरशी म्हटलं की अंगावर काटा का येतो

आपली बुरशीशी ओळख आहे ती मर रोगातून, करप्यातून, पावसात लोणच्यावर आलेल्या पांढऱ्या थरातून. त्यामुळे मुळाला मुद्दाम बुरशी लावा म्हटलं की माणूस मागे सरतो. पण ही बुरशी वेगळी. ती मुळाला कुजवत नाही. मुळाच्या आत राहते आणि बारीक तंतू बाहेर मातीत सोडते. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ मध्ये तिला मायकोरायझा नाव दिलं, त्याचा अर्थच 'बुरशी-मूळ'. ही मैत्री मात्र फार जुनी. चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या दगड झालेल्या अवशेषांतही हिच्या खुणा सापडल्या आहेत. आपल्या आंब्याच्या, नारळाच्या, भाताच्या, नाचणीच्या मुळांतही ती राहते. फक्त डोळ्यांना दिसत नाही.

सौदा सरळ आहे. पान उन्हात साखर तयार करतं, तिचा काही भाग रोप बुरशीला देतं. बदल्यात बुरशी मातीतून पाणी आणि अन्न आणून देते. मुळावरची लव एक-दोन मिलीमीटर लांब असते. बुरशीचे तंतू कित्येक सेंटीमीटर दूर जातात, आणि लवेपेक्षा बारीक असल्यामुळे मातीच्या ज्या फटीत मुळाचं बोट शिरत नाही तिथे हे शिरतात. एका कुटुंबाने पाण्यासाठी वाडीभर पोरं पाठवावीत तसं.

खाऱ्या मातीत याचा उपयोग तीन-चार वाटांनी होतो. एक म्हणजे स्फुरद. आपली जांभ्याची तांबडी माती लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेली आहे, ती स्फुरद घट्ट धरून ठेवते. सुपर फॉस्फेट टाकलं तरी बरंचसं मातीतच अडकतं. खाऱ्या वाफ्यात मूळ आधीच खुजं राहिलेलं असतं, त्याला तो दूरचा स्फुरद मिळत नाही. बुरशी तो आणते, मूळ वाढतं, रोपाच्या अंगात बळ येतं.

दुसरी वाट पोटॅशियम-सोडियमची. बुरशी असलेल्या रोपांच्या पानांत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी सापडतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. काही सोडियम मुळातल्या बुरशीच्या भागातच अडकून राहतं, वर पानापर्यंत पोचत नाही. तिसरी वाट पाण्याची. बुरशीमुळे रोपाच्या पेशींत साखर आणि प्रोलिनसारखी द्रव्यं साठायला मदत होते, त्यामुळे बाहेर मीठ असतानाही पेशी पाणी धरून ठेवते. शिवाय तंतूंनी मातीचे कण एकमेकांना बांधले जातात, माती थोडी भुसभुशीत राहते, पाणी खाली मुरतं. या शेवटच्या गोष्टीचा फायदा मात्र एका हंगामात फारसा दिसत नाही, उगीच आशा लावायला नको.

प्रयोग काय सांगतात

आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात, डॉ. बाग्यराज आणि त्यांचे सहकारी श्रीरामुलु यांनी मिरचीवर काम केलं. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी रोपवाटिकेतच मिरचीला ही बुरशी दिली आणि मग रोपं शेतात लावली. वाढ आणि उत्पन्न सुधारलं, स्फुरदयुक्त खतात बचत झाली. ते शेत खारं नव्हतं, पण 'आधी वाफ्यात द्या, मग शेतात न्या' हा धडा तिथे मिळाला.

खाऱ्या पाण्याचा प्रयोग जॉर्डनमधला. गाझी अल-कराकी यांनी टोमॅटोच्या रोपांना रोपवाटिकेत बुरशी दिली, मग काही रोपांना गोडं आणि काही रोपांना खारं पाणी देऊन वाढवलं. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. बुरशी न दिलेल्या रोपांच्या तुलनेत गोड्या पाण्यावर फळाचं वजन २९ टक्के जास्त, खाऱ्या पाण्यावर ६० टक्के जास्त. या ६० टक्क्यांकडे बघून उड्या मारू नका. खाऱ्या पाण्यावर एकूण उत्पन्न कमीच असतं, त्या कमी उत्पन्नावरची ती वाढ. शिवाय जॉर्डनची कोरडी जमीन आणि आपली तीन हजार मिलीमीटर पावसाची जमीन यात फार अंतर. तरी दिशा कळते. मीठ जितकं त्रास देतं, तितका बुरशीचा आधार जास्त जाणवतो. एका मर्यादेपर्यंत.

मर्यादा यासाठी की ही बुरशीही सजीव आहे. फार मीठ झालं तर तिचे बीजाणू रुजत नाहीत, तंतू वाढत नाहीत. मधल्या खारटपणात ती रोपाला तारते, कडक खारटपणात तीच बसते. मात्र समुद्राच्या अगदी जवळही ती राहते. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर आणि कांदळवनांत या बुरशीच्या अनेक जाती नोंदवल्या आहेत. किनाऱ्यावर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या मुळाशीही ती असते. म्हणजे खाऱ्या वाऱ्यात मुरलेली बुरशी आपल्या किनाऱ्यावर आहे. पाकिटातली मात्र कुठली, हे पाकीटच जाणे.

आपल्या मळ्यात ती आपोआप का नसते

हा प्रश्न एका शेतकरी काकांनी विचारला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बुरशी जर सगळ्याच मातीत असते तर विकत का घ्यायची?

कारण आपला मळा आधी भाताचं शेत असतो. चार महिने पाण्याखाली. या बुरशीला हवा लागते, चिखलात ती कमी होते. भात कापून लगेच मिरची लावली की रोपाला मातीत साथीदार फार कमी मिळतात. ते वाढेपर्यंत महिना-दीड महिना जातो, आणि तेवढ्यात मीठ वर येतं.

मीठ वर येण्याचं गणितही समजून घ्यायला हवं. पावसाळ्यात पाऊस मीठ धुऊन खाली नेतो, म्हणून खार जमिनीत भात पिकतं. पाऊस थांबला की वरची माती वाळते, खालची खारी ओल दिव्याच्या वातीतून तेल चढावं तशी वर चढते, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. थंडी संपता संपता हे जोर धरतं. म्हणजे रोपाकडे फार थोडा वेळ असतो. मीठ चढण्याआधी मूळ तयार हवं, आणि मुळाबरोबर बुरशीही.

भर म्हणून आपली भाजावळ. कवळ-पातेरा पसरून जमीन भाजली की वरच्या एक-दोन इंचांतले बीजाणू मरतात. तण आणि रोग जातात हे खरं, भाताच्या तरव्याला ते चालूनही जातं. पण त्याच भाजलेल्या जागेत मिरचीचं बी टाकलं तर रोप बुरशीविना वाढतं. भाजावळ सोडा असं मी म्हणत नाही, त्यावर वाडवडिलांचा अनुभव आहे. भाजीचा वाफा वेगळ्या जागी घ्या एवढंच.

वाफ्यात कशी द्यायची

रोपवाटिका खार मातीत करू नका. घराजवळ, गोड्या पाण्याजवळ, वीतभर उंच गादीवाफा करा. वाळू घालायची तर नदीची, किनाऱ्यावरची नको. शेणखत चांगलं कुजलेलं आणि बेताचं. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट वाफ्यात टाकू नका. स्फुरद आयता आणि भरपूर मिळाला की रोप बुरशीला साखर द्यायला तयार होत नाही, मैत्री जमतच नाही. माणसांसारखंच आहे.

वाफ्यात बोटभर खोल रेघा पाडा, रेघेत पाकिटातलं मिश्रण पातळ पसरा, वर थोडी माती टाका आणि त्यावर बी पेरा. म्हणजे बी रुजून मूळ खाली उतरलं की पहिल्या आठवड्यातच ते बुरशीच्या थरातून जाईल. वरून भुरभुरवून काही होत नाही. बुरशी चालत मुळाकडे येत नाही, मुळाला तिला भिडावं लागतं. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं पाळा, कारण कुणाचं मिश्रण घट्ट, कुणाचं मातीत मिसळलेलं, सगळ्यांना एक माप लागू नाही.

ट्रेमध्ये रोपं करणारे कोकोपिट वापरतात. ते आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेलं असेल तर कोकोपिटच खारट असतं. मीठ टाळायला ट्रे आणला आणि ट्रेतच मीठ निघालं, असं होतं.

वेलभाज्यांचं बी थेट आळ्यात पडतं. तिथे बियाखाली दोन बोटं मिश्रण घाला.

मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं वाफ्यात चार ते सहा आठवडे असतात. बुरशी मुळात नीट पसरायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे वेळ बरोबर जुळते. घाईने तीन आठवड्यांचं रोप उपटलं तर काम अर्धवट राहतं. उपटताना मुळाशी माती असू द्या.

आता माझीच चूक सांगतो. मी पहिल्यांदा ही बुरशी घरच्या मिरचीच्या वाफ्यात दिली. बाराव्या दिवशी काही रोपं देठाशी कोलमडली. सवयीने कार्बेन्डाझिमची आळवणी केली. रोपं वाचली, बुरशी मेली. पुढे मळ्यात त्या रोपांत आणि साध्या रोपांत काडीचा फरक दिसला नाही, आणि मी वर्षभर सांगत फिरलो की हे सगळं थोतांड आहे. बुरशीनाशक कुठली बुरशी चांगली आणि कुठली वाईट ते बघत नाही. कार्बेन्डाझिम तर या मित्र-बुरशीला चांगलंच मारक आहे. रोपं कोलमडू नयेत म्हणून वाफा उंच ठेवा, बी दाट पेरू नका, पाणी बेताचं द्या, ट्रायकोडर्मा वापरा. ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा सहसा एकत्र नांदतात.

पाकीट घेताना तारीख बघा. हे जिवंत खत आहे. खत नियंत्रण आदेशात मायकोरायझा जैविक खत म्हणून येतं, तेव्हा पाकिटावर उत्पादकाचं नाव, परवाना, एका ग्रॅममध्ये जिवंत प्रसारक किती, बनवल्याची आणि संपण्याची तारीख असायला हवी. नुसतं 'मुळांची जबरदस्त वाढ' आणि एक हिरवंगार चित्र असेल तर ते पाकीट परत ठेवा. घरी आणल्यावर पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, सावलीत गार जागी ठेवा.

कुठल्या भाजीला पैसे घालू नयेत

हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मोहरी या कुळातल्या पिकांची मुळं ही बुरशी आत घेत नाहीत. पालक आणि बीटही नाही. लाल-हिरवा माठही त्याच गोतातला, त्याला फायदा नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे कितीतरी मळे नुसते मुळा-माठाचे असतात. त्यांनी हा खर्च करूच नये.

मिरची, वांगी, टोमॅटो, कांदा, भेंडी, काकडी, दोडका, पडवळ, कारली, चवळी, कडवे वाल यांना ती चालते. कांद्याची मुळं जाड आणि लव कमी, म्हणून त्याला तिची गरज जास्तच. चवळी-वालाला रायझोबियम वेगळं लागतं, ते सोडू नका. दोन्ही एकाच मुळावर राहतात.

आधी बांध, मग बुरशी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खारबांध फुटून भरतीचं पाणी शेतात बसलं तर कुठलीही बुरशी, कुठलंही पाकीट त्या वर्षी भाजी देणार नाही. खारबंदिस्तीचा कायदा मुंबई राज्याने १९४८ साली केला, नंतर महाराष्ट्राचा खारजमीन विकास अधिनियम १९७९ साली आला. कायदे आहेत, बांध मात्र दर पावसात खेकडे आणि लाटा पोखरतात. उघाडीची झडप नीट बसते का, हे भाजी लावायच्या आधी बघायचं काम. ती गळकी असेल तर खारभूमी विकास विभागाकडे अर्ज ग्रामपंचायतीमार्फत आधी गेला पाहिजे.

मळ्याच्या आतली कामं आपल्या हातातली. पावसाचं पाणी भातशेतात साचवून ते मुरू द्यायचं आणि उघाडीतून सोडायचं, म्हणजे मीठ धुऊन जातं. भात कापल्यावर जमीन उघडी ठेवायची नाही. पेंढा, सुकं गवत, नारळाच्या झावळ्या, जे असेल त्याचं आच्छादन घाला. माती झाकली की पाणी कमी उडतं आणि मीठ कमी चढतं. माझ्या मते एवढ्या एका कामाला पाकिटापेक्षा जास्त मोल आहे, आणि ते फुकट आहे. सरी-वरंब्यावर लावत असाल तर रोप वरंब्याच्या माथ्यावर लावू नका, कुशीत लावा. सरीत पाणी दिलं की मीठ वर सरकत माथ्यावर जमतं.

जिप्समबद्दलही विचारणा होते. जिप्सम चोपण जमिनीवरचा इलाज आहे, म्हणजे जिथे सोडियम मातीला चिकटून ती घट्ट झाली आहे. नुसत्या खारट जमिनीला आधी गोडं पाणी आणि निचरा लागतो. माती तपासल्याशिवाय गोणी आणू नका. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. पनवेल १, २, ३ या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच. खार शेताचा मोठा प्रश्न असेल तर विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रातून किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून तिथला सल्ला मिळवता येतो.

घरच्या घरी वाढवायची असेल तर

ही बुरशी प्रयोगशाळेतल्या बाटलीत नुसती वाढत नाही, तिला जिवंत मूळ लागतं. म्हणून ती वाढवायला संशोधन केंद्रांतही नाचणी, मका, गवत लावतात. नाचणी तर आपल्या घरची.

आषाढात पडवीत, पावसाचा थेट मारा लागणार नाही पण ऊन मिळेल अशा जागी, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत नदीची वाळू आणि वरकस जमिनीतली माती निम्मी-निम्मी भरा. जिथे वांगी-टोमॅटोला मर लागली होती किंवा मुळांवर गाठी आल्या होत्या तिथली माती अजिबात नको, नाहीतर मित्राबरोबर शत्रूही वाढवाल. मातीत चांगल्या पाकिटातलं थोडं मिश्रण घाला, वर नाचणी पेरा. खत जवळजवळ नकोच. अडीच-तीन महिन्यांनी पाणी तोडा, आठ-दहा दिवस सुकू द्या, वरचं पीक कापा. राहिलेली मुळं बारीक तोडून त्याच मातीत मिसळा. ही मुळं आणि माती म्हणजेच तुमचं पाकीट. आश्विनात भाजीचा वाफा करायच्या वेळेला ते तयार असतं. पाकिटातल्यासारखी मोजून खात्री यात नाही, म्हणून प्रमाण थोडं सैल हाताने घाला.

आणि पहिल्या वर्षी सगळ्या मळ्यावर उडी नको. एकच वाफा घ्या, मधोमध काठी आडवी ठेवा, अर्ध्यात बुरशी द्या, अर्ध्यात नको. बी एकाच पुडीतलं, पाणी एकाच विहिरीचं. रोपं मळ्यात लावताना एक सरी या अर्ध्याची, एक त्या अर्ध्याची. लावल्यावर तीन आठवड्यांनी जगलेली रोपं मोजा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मग फाल्गुनात तोडलेल्या मिरचीचं वजन दोन वेगळ्या पिशव्यांत करा. तेव्हा कळेल पुढच्या वर्षी पाकीट घ्यायचं की नाही.

यंदा ज्यांची रोपं वाफ्यात आधीच तयार झाली आहेत त्यांच्यासाठी एक मधला मार्ग उरतो. लावणीच्या दिवशी मातीचा पातळ राडा करून त्यात मिश्रण घाला, रोपांची मुळं त्यात बुडवून लावा, किंवा खड्ड्यात चिमूटभर घालून त्यावर मूळ टेकवा. वाफ्यात दिल्याइतकं हे लागू पडत नाही, कारण रोप आणि मीठ यांची गाठ त्याच दिवशी पडते. म्हणून ही रोपं मळ्याच्या खालच्या, खाडीकडच्या कोपऱ्यात लावू नका. तिथे यंदा बीट टाका, नाहीतर ती जागा पेंढ्याने झाकून पडीक ठेवा.